राबाचा धूर

चैत्र सरत आला की संध्याकाळच्या वाऱ्यात मी एक वास हुंगत राहते. शेणाचा, वाळलेल्या पाल्याचा, आणि त्या सगळ्याखाली सावकाश भाजत पडलेल्या मातीचा. मुळशीत, आजोळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत हा वास उशीत असायचा, केसांत असायचा, दांडीवर वाळत घातलेल्या लुगड्यांत आणि रात्रीच्या ताटातल्या भातातसुद्धा असायचा. आम्ही पोरं पुण्याला परतलो की पहिल्या आंघोळीला आई म्हणायची, "शिकेकाई नीट लावा, राबाचा वास येतोय तुम्हाला." मी कानामागचे केस मुद्दाम कोरडे ठेवायची. तेवढ्यात दोन दिवस आजोळ पुरायचं.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी जरा थांबते. भाताचं रोप जिथं वाढवायचं तो तुकडा पावसाआधी भाजून घ्यायचा, एवढंच खरं तर काम. पण त्या एवढ्याशा कामासाठी अख्खा उन्हाळा लागायचा. डोंगरातून टहाळ तोडून आणायचा, गोठ्यातलं शेण सुकवून त्याचा चुरा करायचा, पाचोळा गोळा करायचा, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती अशी पसरायची की आग आत कोंडून राहावी. मामा बोट ओलं करून हवेत धरायचा. वारा कुठून येतोय ते पाहून तो उलट्या अंगानं राब पेटवायचा, म्हणजे भडका उडत नाही, आग वाऱ्याला तोंड देत पावलापावलानं पुढं सरकते. मामी हातात हिरवी फांदी घेऊन बांधावर उभी, ठिणगी शेजारच्या गवतात गेली की झोडपायला. सकाळी तिथं राखाडी चादर पसरलेली असायची आणि तिच्यावर अनवाणी पाय ठेवला की खालची ऊब तळव्याला लागायची. तणाचं बी मरून गेलेलं, माती भुसभुशीत झालेली. मृगाचा पहिला पाऊस त्या राखेवर पडायचा तेव्हा जो वास उठायचा, त्याच्यासाठी माझ्याकडे शब्द नाही, आणि मी फारसा शोधतही नाही.

नंतर त्या राबात आंबेमोहराचं हिरवंगार, दाट रोप उठायचं. आषाढात ते उपटून, मुठी बांधून खाचरात लावायचं. इरलं पाठीवर घेतलेल्या बायांची ओळ चिखलात मागं मागं सरकताना दिसायची. पण लावणी पाहायला आम्ही सहसा नसायचो, शाळा सुरू झालेली असायची. आमच्या वाट्याला फक्त धूर.

मामाच्या खाचरांना नावं होती. वडाखालचं, लांबट, देवाचा तुकडा, आणि एक 'रुसकं', ज्यात पाणी कधी ठरत नसे. सातबाऱ्यावर अर्थातच गट नंबर होता, पण घरात तो कुणाच्या तोंडी नव्हता. पुढं एका वर्षी मामानं बाजेवर एक मोठा कागद पसरला आणि आम्ही सगळे त्याच्यावर वाकलो. नगररचना योजनेचा नकाशा. एका बाजूला मूळ भूखंड, वेडेवाकडे, ओढ्याच्या आणि उताराच्या मर्जीनं पडलेले. दुसऱ्या बाजूला अंतिम भूखंड, सगळे काटकोनात, प्रत्येकाच्या पुढ्यात रस्ता. मामा बोटानं दाखवत होता. हे आपलं होतं, हे आता आपलं. वडाखालच्या खाचराच्या जागी अठरा मीटरचा रस्ता होता. रुसक्याचं काय झालं ते नकाशात सापडेना.

हे कसं आलं ते मुळशीकरांना सांगायला नको. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान झालं आणि या खोऱ्याकडे पुण्याचं तोंड वळलं. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, त्याची पहिली नगररचना योजना माण-म्हाळुंग्याची, सुमारे अडीचशे हेक्टरांवरची. जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी तेवीस गावं घेतली त्यांत म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक ही मुळशी तालुक्यातली. शहराची हद्द अशी एका आदेशानं डोंगर उतरून येते. खालच्या माणसाला ती दिसत नाही. त्याला दिसतो तो पहिला फलक, पहिला खांब, आणि पाटीवर बदललेला पत्ता.

योजनेचा हिशेब साधा आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा, गटारं यांना जागा काढायची आणि उरलेली ज्याची त्याला नव्या आकारात परत द्यायची. माण-म्हाळुंग्यात निम्मी परत. निम्मी जाते हे ऐकून काळजात धस्स होतं, पण मामा शांत होता. "बिनरस्त्याची चार एकर घिऊन काय करणार? आतल्या अंगाला पडलीय, बैलगाडी सुदिक दुसऱ्याच्या बांधावरनं जाती." भावकीतल्या तीन पिढ्यांचं भांडण त्या बैलगाडीच्या वाटेवरून होतं. नकाशातल्या एका रेघेनं ते मिटलं. आता कोपऱ्याचा भूखंड कुणाला, यावर नवं सुरू झालं, ते वेगळं.

याच दिवसांत इकडे एरंडवण्यात आमच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला. चार मजली सोसायटी, दारात बुचाचं झाड, पावसाळा संपता संपता त्याच्या लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा खच जिन्यापर्यंत. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा व्हायच्या. कार्पेटवर किती टक्के वाढीव, कॉर्पस किती, भाडं किती महिने, हे सगळं अतिशय सभ्यपणे, चहा पीत. एक वयस्कर काका दर सभेला उठून म्हणायचे, "आमचं जुनं पुणं गेलं हो." मग बसायचे आणि वाढीव टक्क्यांच्या बाजूनं हात वर करायचे.

त्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यात मिळकत पत्रिका चाळताना माझी नजर एका ओळीवर अडकली. आमच्या जागेचा क्रमांक फायनल प्लॉट म्हणून लिहिलेला होता. म्हणजे इथंही कधीतरी असाच नकाशा आला होता. मुंबई नगररचना कायदा १९१५चा; त्याच्या आधारानं भांबुर्डा आणि एरंडवणे या शेतीच्या गावांवर योजना पडल्या, आणि त्यातून आजचा शिवाजीनगर, डेक्कन, प्रभात रस्त्याचा हा आखीव, सावलीचा परिसर उभा राहिला. आधी शेत होतं, त्यावर बंगला आला, बंगल्याच्या जागी सोसायटी, आता सोसायटीच्या जागी बारा मजले. ज्या गल्ल्यांच्या आठवणीनं पुणेकर गहिवरतो, त्या गल्ल्या कुणाच्या तरी बांधांवरून गेल्या आहेत. इथं कसल्या धुराचा वास होता? बाजरीच्या खळ्याचा, गुऱ्हाळाचा? सांगणारं कुणी उरलं नाही. बुचाच्या फुलांनी तो वास कधीच झाकला.

त्यानंतर आजोळच्या नकाशाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागले. दुःख कमी झालं नाही. पण त्या दुःखाला आता शेजार मिळाला.

तरी मुळशीचं दुःख निराळंही आहे. या खोऱ्यानं शहराला द्यायची ही पहिली वेळ नव्हे. टाटा कंपनीचं धरण मुळेच्या उगमाकडच्या खोऱ्यात बांधायला घेतलं तेव्हा इथल्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढे होते. रामनवमी म्हणजे चैत्र. त्या दिवशी कितीतरी राब भाजून तयार असतील किंवा भाजायचे राहिले असतील. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्या पुण्यातल्या सावकारांपैकी बऱ्याच जणांचं मोबदल्यावर समाधान झालं. ज्यांचे हात त्या मातीत होते त्यांना विचारायची रीत नव्हती. लढा १९२४पर्यंत चालला आणि विरला. खाचरं पाण्याखाली गेली, पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला गेलं, तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्या लोकांना ना निम्मी जमीन परत मिळाली, ना नकाशावर वाकून आपलं बोट ठेवायची संधी. म्हणून आजच्या योजनेला मी सरसकट नावं ठेवू शकत नाही. हरकत घ्यायला मुदत असते, सुनावणी असते, लवाद असतो. शंभर वर्षांत एवढं अंतर खोऱ्यानं चालून काढलं आहे, आणि ते थोडं नाही.

पण माझं मन भलतीकडेच रेंगाळतं. नकाशात शाळेला जागा आहे, बागेला आहे, देवळाच्या दगडालासुद्धा कुणी धक्का लावलेला नाही. उताराचं मात्र काय? खाचरं ही उताराची शिस्त होती. वरचं भरलं की खालच्यात, खालचं भरलं की ओढ्यात, ओढा मुळेत. प्रत्येक बांधाला पाणी सोडायची एक मुसकी असायची आणि ती कधी उघडायची ते आजीला आभाळाकडे पाहून कळायचं. काटकोनातल्या भूखंडांना हे कोण सांगणार? आता मोठ्या पावसात नव्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचतं तेव्हा लोक हळहळतात, आणि मला वाटतं, पाणी आपलं जुन्या वाटेनं रुसकं शोधत आलं असावं. चैत्रात त्याच रस्त्यांवर टँकरच्या रांगा. असो.

एकदा मामीजवळ मी राबाचा विषय काढला. म्हटलं, तो वास फार आठवतो गं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला वास आठवतोय. मला खोकला आठवतोय." मग थोड्या वेळानं, "टहाळाचा भारा डोक्यावरनं आणताना मानंत कळ यायची ती आजून येती. राब भाजायचा म्हंजी उन्हात आग. तुमी सुट्टीला यायचात, तुमाला काय?" तिच्या आवाजात राग नव्हता. सुपातला खडा उचलून बाजूला टाकावा तसं तिनं ते बोलून टाकलं. मी गप्प बसले. धूर एकच होता, पण माझ्या केसांत गेलेला वेगळा आणि तिच्या छातीत गेलेला वेगळा.

तरीही. तरीही संध्याकाळी वारा पश्चिमेकडून सुटला की मी गॅलरीत येते.

राब आता गावात कुणी भाजत नाही. पौडच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवर अजून कुठं कुठं निघतो म्हणतात. मामानं तिकडच्या एका सोयऱ्याशी बोलून ठेवलं आहे, वर्षाचं भात तिथून येतं. इंद्रायणी जास्त, आंबेमोहर सणापुरता. आणि भूखंड बिल्डरला भागीदारीत द्यायचं घरात ठरलं आहे. मामेभाऊ मला फोन करून विचारतो, कारण आमच्या सोसायटीचे करार मी वाचलेत. आगाऊ रक्कम, बँक गॅरंटी, उशीर झाला तर दंड, असं बरंच काही मी त्याला सांगते आणि तो लिहून घेतो. परवा मध्येच मामीनं फोन ओढून घेतला. तिला एकच विचारायचं होतं, गॅलरी किती फुटांची मागावी. भात वाळत घालायचं असतं, सांडगे असतात, दिवाळीत चकलीची भाजणी पसरायची असते. मी म्हटलं, सहा फूट तरी मागा, करारात लिहून घ्या. बिल्डरनं साडेतीन दाखवली आहे. मामी म्हणाली, साडेतीनवर सही करायची नाही असं तिनं मामाला बजावलंय.