पाणी किती, हेही विचारा

आम्ही स्लॅब टाकणारी माणसे. मालेगाव तालुक्यातले जऊळका हे आमचे गाव. घर बांधणारा आला की त्याचे प्रश्न ठरलेले असतात: सिमेंट कोणत्या कंपनीचे आणि बॅगा किती? पाणी किती टाकणार, हे क्वचितच कोणी विचारतो. स्लॅबचे आयुष्य मात्र तिथेच ठरते.

घराच्या स्लॅबला साधारण एम-20 काँक्रीट लागते. त्यात 50 किलोच्या एका बॅगेला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, असे भारतीय मानक सांगते. ओल्या रेतीतले पाणीही त्यातच धरायचे. पाणी वाढवले की माल सैल होतो, घमेली भराभर रिकामी होतात, मगरिबच्या आत काम उरकते. पण ते जादा पाणी वाळताना मागे बारीक छिद्रे ठेवते. त्यातून ओल सळईपर्यंत जाते, गंज फुगतो आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडू लागतात. तोवर ठेकेदार पैसे घेऊन केव्हाच गेलेला असतो.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला. अशा मोठ्या कामांवर पाणी यंत्राने मोजतात. काँक्रीटचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे करून 28 दिवसांनी दाबून त्यांची ताकद तपासतात. गरिबाच्या घरावर पाणी बादलीने पडते आणि ठोकळा कोणी करत नाही. सळईखाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक बसवले की नाही, हेही माल पडल्यावर दिसत नाही. म्हणून हे काम अमानत आहे. कुणी दागिने मोडलेले असतात, कुणाच्या मुलाने परदेशातून पैसे पाठवलेले असतात. ती सगळी कमाई एका दिवसात आमच्या हाती येते.

पुढची जबाबदारी घरच्यांची. साध्या सिमेंटच्या स्लॅबवर निदान 7 दिवस आणि पीपीसी असेल तर 10 दिवस पाणी हवे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हेच 10 आणि 14 दिवस धरावेत. टँकर विकत घ्यावा लागतो म्हणून तिसऱ्या दिवशीच आळी कोरडी पडलेली आम्ही पाहतो. आधी पाण्याची सोय करा, मग स्लॅबची तारीख धरा. खालच्या बल्ल्याही घाईने काढू देऊ नका. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14 दिवस. पुढच्या कामासाठी त्या आम्हालाही लवकर हव्या असतात, म्हणूनच सांगतो.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही आपल्या दीनची शिकवण. ती आम्हालाही लागू आहे आणि घरमालकालाही. चौरस फुटाचा भाव फार पाडला की घाई वाढते, आणि घाई पाण्यानेच भागवली जाते. तेव्हा भाव ठरवताना पाण्याचे मापही ठरवा आणि मिक्सरजवळ घरातले एक माणूस उभे करा. नेक ठेकेदाराला त्याचा राग येणार नाही.