माठातले पाणी आणि मझगनमधला वायू

बेर-शेवाच्या उन्हाळ्यात मझगन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. माझ्या मातोश्रींचे वय ८७ आहे. त्यांना तो औषधाइतकाच आवश्यक आहे. तेव्हा गारव्याचा त्याग करा, असा उपदेश मी करणार नाही. माझे सांगणे निराळे आहे.

कोकणातील घरोघरचा माठ आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच्या अंगातून पाझरणारे पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. मझगनचे तत्त्वही तेच. तेथे पाण्याऐवजी एक वायू बंद नळ्यांतून फिरतो. घरात उष्णता शोषतो व बाहेर टाकतो. माठातले पाणी उडाले तर कोणाचे बिघडत नाही. हा वायू मात्र सुटता कामा नये.

जुन्या वायूंतील क्लोरीनमुळे ओझोनच्या थराला धोका आहे, हे मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखविले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू क्रमाक्रमाने मागे पडले. त्यांच्या जागी आलेले वायू ओझोनला अपाय करीत नाहीत, परंतु पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवतात. अनेक घरांतील यंत्रांत असलेला आर-४१०ए एक किलो सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो. म्हणूनच २०१६ साली किगाली येथे राष्ट्रांनी अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरविले. आर-३२ चा उपद्रव सुमारे एक-तृतीयांश, तर प्रोपेनचा अगदीच नगण्य. भारतात गोदरेज कंपनीने २०१२ साली प्रोपेनवर चालणारी घरगुती यंत्रे विक्रीस आणली. प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने तो जुन्या यंत्रात भरणे मात्र धोक्याचे.

आमच्याकडे सलग दोन उन्हाळे एक कारागीर आला, वायू भरून, पैसे घेऊन गेला. “गतवर्षीचा वायू कोठे गेला?” असे विचारता त्याने हसून आकाशाकडे बोट दाखविले! यंदा दुसऱ्यास बोलाविले. त्याने उरलेला वायू टाकीत काढून घेतला, सांध्यातील बारीक छिद्र शोधून बुजविले आणि मगच यंत्र भरले. खर्च अधिक आला; पण दरवर्षीचा भुर्दंड टळेल.

बंद यंत्रातला वायू आपोआप संपत नाही. तो कमी झाला, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. म्हणून वाचकांस विनंती, की आधी गळती बुजवून घ्यावी, मग वायू भरावा. जुने यंत्र टाकताना नळ्या कापू देऊ नयेत. आतला वायू जाणत्या माणसाकडून काढून घ्यावा.