सुटा भाग मिळेनासा झाल्यावर

नवी वस्तू घडविणाऱ्याची कीर्ती दूरवर पसरते. परंतु जुनी वस्तू चालती ठेवणाऱ्याचे नाव त्याच्या गल्लीबाहेर क्वचितच जाते. वास्तविक पाहता दुसऱ्याचे काम पहिल्याहून सोपे असते असे नाही. वस्तू करणारा कारखाना बंद पडला, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि तरीही ती वस्तू चालवावयाची आहे, अशा वेळी मनुष्याच्या ज्ञानाची खरी कसोटी लागते. याचे एक उदाहरण विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

द्रवाच्या दाबाचा नियम शिकविताना आम्ही वर्गात एक सोपा प्रयोग करितो. सुया काढलेल्या, इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरून बारीक नळीने एकमेकींस जोडावयाच्या. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा आपोआप वर सरकतो. बंदिस्त द्रवास दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोचतो, हा पास्कल नामक फ्रेंच पंडिताचा नियम मुलांस असा डोळ्यांनी दिसतो. तलवाड्याच्या मुलांस त्याचा उपयोग फार समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक त्यांनी शिवारात पाहिलेले असते. परंतु याच नियमावर इंग्लंडात सबंध मोटार तोलून धरली होती, असे सांगितले म्हणजे त्यांस मोठा अचंबा वाटतो.

ही युक्ती ॲलेक्स मोल्टन (1920–2012) या इंग्रज यंत्रज्ञाची. त्याच्या घराण्याचा धंदाच रबराचा होता. 1959 साली निघालेल्या सुप्रसिद्ध ‘मिनी’ गाडीस त्याने पोलादी कमानींऐवजी रबराच्या कमानी दिल्या. आणि 1962 साली ‘मॉरिस 1100’ या गाडीत रबरास पाण्याची जोड दिली. या रचनेस ‘हायड्रोलॅस्टिक’ असे नाव पडले. प्रत्येक चाकाशी रबर व पाणी असलेले एक बंद भांडे असे, आणि एका बाजूच्या पुढच्या व मागच्या चाकांची भांडी नळीने जोडलेली असत. पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल व धातू गंजू नये म्हणून एक औषध मिसळीत. साध्या गाडीचे पुढचे चाक उंचवट्यावर चढले म्हणजे गाडी नाक वर करिते, व मागचे चढले म्हणजे शेपूट. येथे मात्र पुढच्या भांड्यातील पाणी मागच्या भांड्यात ढकलले जाई, मागची बाजूही तितक्यात उचलली जाई, आणि गाडी न डुलता सपाट राही. आमच्या पिचकाऱ्यांचाच हा मोठा अवतार होय!

पुढे 1973 साली ‘ऑस्टिन अलेग्रो’ गाडीत मोल्टनने रबराच्या जागी कोंडलेला नायट्रोजन वायू वापरला. यास ‘हायड्रागॅस’ म्हणत. ‘एम. जी. एफ.’ ही गाडी 1995 पासून याच रचनेवर चाले. परंतु 2002 साली तिच्या नव्या आवृत्तीस साध्या पोलादी कमानी बसल्या, आणि कालांतराने त्या भांड्यांची निर्मितीच थांबली.

आता ज्यांच्या घरी अशा गाड्या उरल्या त्यांनी काय करावे? नळीचे रबर चिरते, पाणी झिरपते, आणि गाडी एका अंगावर बसते. कित्येकांनी नव्या नळ्या करवून घेतल्या व दाबाने पाणी भरण्याचे पंप घरच्या घरी जुळविले. हायड्रागॅसची व्यथा याहून सूक्ष्म. तीतील नायट्रोजन वर्षानुवर्षे हळूहळू निसटतो, आणि गोळा कारखान्यातच कायमचा बंद केलेला असल्यामुळे वायू पुन्हा भरण्यास वाट नाही. गाडी खाली बसली म्हणजे कारागिराने आणखी द्रव भरावा. गाडीची उंची परत येई, पण मऊपणा जाई, आणि प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या पाठीस कळे. ज्यांस आतील रचना उमगली होती त्यांनी मात्र गोळ्यास छिद्र पाडून झडप बसविली व गेलेला नायट्रोजन पुन्हा भरला. केवळ भाग बदलणे ज्यांस ठाऊक होते त्यांचे काम दुकान रिते होताच थांबले. समजून घेणाऱ्यांचे तेथून सुरू झाले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीची गोष्ट पाहा. तिला पाण्याची कमान नव्हती. साध्या पोलादी कमानी व तेलाचे शॉकअप, इतकेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघणे थांबल्यावरही टॅक्सीवाल्यांनी व मेस्त्र्यांनी मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग काढून ती वीस-बावीस वर्षे रस्त्यावर राखली. शेवटी वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने 30 ऑक्टोबर 2023 पासून ती टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. तो नियम योग्यच होता, कारण शहराच्या हवेचाही विचार करावयास हवा. परंतु त्या गाडीबरोबर हातांतील जी विद्या ओस पडली, तिची नोंद कोणी घेतली?

आमच्या लहानपणी गावात बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव बसविताना आम्ही पाहिले आहे. धाव चाकाहून किंचित लहान करीत, ती लाल होईतो तापवीत, प्रसरण पावताच चाकावर चढवीत आणि वर पाणी ओतीत. ती आकसून लाकडास अशी आवळे की खिळ्याची गरज न पडे. किती लहान करावी हे सुताराच्या व लोहाराच्या हातास ठाऊक असे. आज प्रसरणाचा धडा शिकविताना आम्ही हेच उदाहरण देतो, मुले ते पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहितात आणि गुणही मिळवितात. परंतु धाव कशी असते हे त्यांतील एकानेही पाहिलेले नसते.

येथेच आम्हांस त्या खाली बसलेल्या गाडीची आठवण होते. परीक्षा जवळ आली की गाईडे आणून मुलांच्या डोक्यात आणखी भरावयाचे. गुणांची उंची वाढते खरी, पण आतला नायट्रोजन गेलेला असतो. पुढे आयुष्यात एखादा प्रश्न पुस्तकाबाहेरचा आला म्हणजे त्यांस प्रत्येक खड्डा लागतो.

म्हणून पालकांस आमची एक विनंती आहे. घरातील सायकलचा पंप, स्टोव्ह वा फवारणीचे यंत्र बिघडले तर ते लगेच भंगारात घालू नका. ते साफ करून, त्यातील दाब सोडून मुलाच्या वा मुलीच्या हाती द्या, जवळ बसा आणि उघडून पाहू द्या. ते दुरुस्त होईलच असे आम्ही म्हणत नाही. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही ते उघडाल तेव्हा कोणता तुकडा कोठून निघाला हे वहीत मांडून ठेवा. न समजले तर ती वही घेऊन आमच्याकडे या. आम्हांसही न समजले तर आपण दोघे मिळून गेवराईच्या एखाद्या मेस्त्रीस विचारू.