म्यंगदोंगच्या गल्लीतला ओठांचा रंग

सोलच्या भुयारी रेल्वेत ६५ वर्षांवरील रहिवाशांना प्रवास विनामूल्य आहे. त्यामुळे डब्यात पांढरे केस भरपूर दिसतात. २०२४ च्या अखेरीस त्या देशातील पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण एक-पंचमांशावर पोहोचले. चौथ्या मार्गिकेवर म्यंगदोंग स्थानकात उतरून वर आलात, की सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांची रांगच लागते. तेथील तरुण मुलींचे ओठ निरखून पाहा. मध्यभागी गडद, कडेकडे विरत जाणारा रंग. नुकतीच जांभळे खाल्ली असावीत तसा. यालाच ग्रेडिएंट लिप्स म्हणतात.

हा प्रकार तरुणींचा मानला जातो. मला मात्र तो सत्तरीतल्या ओठांना अधिक शोभणारा वाटतो. वयानुसार ओठ पातळ होतात, त्यांची कड पुसट होते आणि भोवती बारीक उभ्या रेषा उमटतात. नेहमीची लिपस्टिक त्या रेषांत पाझरते आणि मग अनेक आजी ‘आता हे वय नव्हे’ म्हणून डबी कायमची बंद करतात. येथे कडेला रंग न्यायचाच नसल्याने पाझरण्याचा प्रश्न फारसा उरत नाही.

कृती सोपी आहे. कवळी असल्यास ती आधी बसवावी, म्हणजे ओठांना आधार मिळतो. ओठांच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलग्रंथीही जवळजवळ नसतात, म्हणून ती लवकर सुकते. पेट्रोलियम जेलीचे पातळ बोट फिरवून दहा मिनिटांनी ती टिपून घ्यावी. (घरी ऑक्सिजन चालू असलेल्यांनी जेली टाळून पाण्यावर आधारित मलम वापरावे, तेलकट पदार्थ ऑक्सिजनच्या सान्निध्यात पेट घेऊ शकतात.) कोरियन मुली कडा फिकट करण्यासाठी कन्सीलर लावतात, त्याने ओठ अधिक कोरडे दिसतात, तुम्ही तो वगळा. मग टिंट नावाच्या पातळ रंगाचा एक थेंब ओठांच्या आतल्या भागावर ठेवून कापसाच्या काडीने बाहेरच्या दिशेने थोपटावा. रंग चटकन धरतो, म्हणून आधी खालचा ओठ पूर्ण करावा, मग वरचा. हात कापत असेल तर हे काम सुनेने, मुलाने किंवा सेविकेने करावे. रेघ काढायची नसल्याने हात चुकण्याची धास्ती नसते.

दुकानात नमुन्यादाखल ठेवलेला रंग ओठांना लावू नका. नागिणीच्या जातकुळीतील एका विषाणूने ओठांवर फोड येतात आणि तो अशा सामायिक वस्तूंवरून पसरू शकतो. रंग मनगटावर पाहावा. सुगंधी किंवा पुदिन्याच्या स्वादाच्या रंगाने ओठांची आग झाली, तर तो पुन्हा वापरू नये.

काळजीवाहकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. टिंट नुसत्या पाण्याने निघत नाही. ओठांचा फिकेपणा रक्तक्षयाची आणि निळसरपणा प्राणवायूच्या कमतरतेची सूचना देतो. रंगाखाली दोन्ही झाकले जातात. दवाखान्यात येताना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी तेलात भिजवलेल्या कापसाने ओठ स्वच्छ करावेत. ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील तर रंगाला दोष देण्याआधी सैल कवळी, बुरशी, लोह किंवा बी जीवनसत्त्वांची कमतरता तपासून घ्यावी. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विशेषतः खालच्या ओठावरची आणि तंबाखूची सवय असलेल्याची, विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी.

आणि हे सारे परदेशी खूळ आहे, असे कुणी म्हणालेच, तर एवढे सांगावे. जोसन राजवटीत कोरियन स्त्रिया ओठांना आणि गालांना जो लाल रंग लावीत, तो ‘यंजी’ करडईच्या फुलांपासून काढीत. पारंपरिक विवाहात वधूच्या दोन्ही गालांवर आजही तांबडे ठिपके दिसतात. सोलापूरकडे ज्या करडईचे तेल घाण्यावर निघते आणि जिच्या कोवळ्या पानांची भाजी आपण भाकरीबरोबर खातो, तीच ही करडई.