मानेभंज्यांगच्या सत्तरीतल्या गाड्या

दार्जिलिंगला गेलेले बहुतेक पर्यटक टायगर हिलचा सूर्योदय, छोटी रेल्वे आणि चहाचे मळे पाहून परत फिरतात. तुमच्यापाशी आणखी दोन दिवस असतील आणि घरात कुणाला गाड्यांचे वेड असेल, तर घूम, सुखियापोखरीमार्गे मानेभंज्यांगला जरूर जा. नेपाळच्या सीमेला चिकटलेले हे लहानसे गाव. नेपाळीत भंज्यांग म्हणजे खिंड. इथूनच संदकफूचा चढ सुरू होतो आणि इथेच ओळीने उभ्या असतात १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर!

शोभेसाठी नव्हे हं! ३१ किलोमीटरचा चढ चढून ३,६३६ मीटर उंचीवरच्या संदकफूला त्या प्रवासी पोहोचवतात. वरच्या वस्त्यांना लागणारे तांदूळ, भाजी, गॅसचे सिलिंडरही त्यांच्याच पाठीवर गेले. आपल्याकडे गाडी दहा वर्षांची झाली की ‘आता बदला’ अशी घरात कुरकुर सुरू होते. या तर आजोबांच्या वयाच्या!

एप्रिल १९४८मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर प्रथम लोकांपुढे आली. युद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. दार्जिलिंगच्या चहामळ्यांवर इंग्रज साहेबांनी या गाड्या आणल्या. ते मायदेशी परतले, गाड्या राहिल्या आणि स्थानिक नेपाळीभाषक कुटुंबांनी त्या विकत घेतल्या. आज चाळीसच्या आसपास उरल्या आहेत.

टंचाईतली ती तडजोड इथल्या धुक्यापावसात वरदान ठरली. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. बॉडीचे पत्रे सपाट आणि बोल्टने जोडलेले, त्यामुळे पोचा पडलेला भाग काढायचा, ठोकून सरळ करायचा आणि परत बसवायचा. खरे दुखणे खाली असते. चासी पोलादाची, आतून पोकळ. पाणी आत शिरते आणि वरून धडधाकट दिसणारी पट्टी आतून पोखरते. कुजलेला भाग कापून तिथे जाड पत्रा वेल्ड करणे, हाच स्वस्त उपाय. अ‍ॅल्युमिनियम जिथे लोखंडाला टेकते तिथेही ओलाव्याने पांढरी भुकटी पडते. मध्ये रबराची पट्टी घातली की बरीच वर्षे निभावते.

इंजिनाचे काय? मूळ पेट्रोल इंजिनाचे सुटे भाग इंग्लंडहून मागवणे टॅक्सीवाल्याला कसे परवडणार? म्हणून कित्येक गाड्यांत आता महिंद्र जीपचे डिझेल इंजिन आहे. त्याचे भाग मिळतात, चढावर ओढ चांगली आणि इंधनाचा खर्चही कमी. इंजिन बसवण्यासाठी नवे पाये घडवावे लागतात, गिअरबॉक्सशी जुळवायला मध्ये लेथवर कातलेली चकती घालावी लागते. पाट्याचे एखादे पान तुटले तर तेवढेच बदलायचे.

हौशी संग्राहक यावर नाक मुरडतात. मूळ इंजिन नाही म्हणजे गाडी बाटली! मला तसे वाटत नाही. लँड रोव्हरचा पहिला नमुनाच मुळी अमेरिकन विलिस जीपच्या सांगाड्यावर उभा केला होता आणि महिंद्रनेही सुरुवात केली ती मुंबईत विलिस जीपची जुळणी करूनच. तेव्हा म्हातारीच्या पोटात इंजिन गेले ते नात्यातल्याचेच! शिवाय संग्रहातली गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघते. ही रोज निघते आणि घरातली चूल पेटती ठेवते.

पण धोका वेगळाच आहे. दगडगोट्यांच्या वाटेवर दुसरी गाडी टिकत नव्हती, म्हणून लँड रोव्हर टिकल्या. अलीकडच्या वर्षांत या वाटेचा बराच भाग काँक्रिटचा झाला आणि बोलेरो वर पोहोचू लागल्या. त्या बंदिस्त, उबदार आणि आरामशीर असतात. वरच्या वस्त्यांतल्या आजारी माणसाला, बाळंतिणीला चांगला रस्ता हवाच. त्याला नाही कोण म्हणेल? पण भाडे मिळाले नाही, तर वेल्डिंगचा खर्च कुठून निघणार? दार्जिलिंगकडच्या भाषेत दाजू म्हणजे थोरला भाऊ. गाडी ठरवताना ‘दाजू, लँड रोव्हरच हवी’ एवढे म्हणा, तेवढीच त्यांना मदत.

तुमच्या दारातही एखादी जुनी जीप किंवा आर्माडा ताडपत्रीखाली पडून असेल, तर या लोकांचा क्रम लक्षात ठेवा. आधी चासी, मग ब्रेक आणि वायरिंग, नंतर इंजिन. रंग अगदी शेवटी. आपल्याकडे नेमके उलटे होते. रंगावरच पैसे संपतात! इंजिन बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि नोंदणी पुस्तिकेत बदल नोंदवून घ्या.

इकडे यायचे तर बागडोगरापर्यंत विमान किंवा न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते आणि संदकफूहून कांचनजंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू ही शिखरे एकाच ठिकाणाहून दिसतात. एप्रिल-मेमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात. पावसाळ्यात सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असते. सर्वांची ओळखपत्रे आणि भरपूर लोकरीचे कपडे बरोबर घ्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि हो, मागे समोरासमोर बाके असतात, तिथे हिसके फार बसतात. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा.