उज्जैनची सावली, डोंगल्याचं आकाश

इंदूरहून उज्जैन जेमतेम 55 किलोमीटर. आपण जातो ते बहुधा महाकालाच्या दर्शनाला, आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतही येतो. पण नाताळची सुटी असेल आणि घरात शाळकरी मुलं असतील, तर एकदा तिथला दिवस सूर्याबरोबर सुरू करून ताऱ्यांखाली संपवून बघा.

25 डिसेंबरला आम्ही अकरा जण दोन गाड्यांतून निघालो. सगळ्यांत मोठे बाबा, म्हणजे मुलांचे आजोबा. काचबिंदूमुळे त्यांची नजर आता फार अंधुक झाली आहे. लहानपणी आम्हा भावंडांना गच्चीवर निजवून नक्षत्रं दाखवली ती त्यांनीच. आता इंदूरच्या गच्चीवरून दिसतात ते दिवे. आमच्या मुलांना कृत्तिका आणि रोहिणी ही नावं फक्त पंचांगातली वाटतात.

पोहे-जिलबी खाऊन सकाळीच महाकालाची रांग आटोपली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र बाबा शेणवी यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला, आणि पुढचं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलं. भाचा विचारू लागला, “म्हणजे आपली माणसं इथे इतकी आधीपासून आहेत?” बाबा म्हणाले, “आता वेधशाळेत चल. तिथेही भेटतील.”

सवाई जयसिंहाने उभारलेल्या पाच वेधशाळांपैकी उज्जैनची ही एक. मधल्या काळात तिची पडझड झाली होती. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली. म्हणून तिला जिवाजी वेधशाळा म्हणतात. ‘सर्वानंदकरण’ लिहिणारे गोविंद सदाशिव आपटे इथे अधीक्षक होते. उज्जैन मुळात काळ मोजण्याचंच गाव. जुन्या भारतीय ज्योतिषात मध्यरेखा उज्जयिनीवरूनच धरत.

सम्राट यंत्र म्हणजे दगडी सूर्यघड्याळ. मधल्या तिरप्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या गोलाकार पट्ट्यांवर सरकते आणि वेळ सांगते. मुलांनी ती मोबाइलशी ताडून पाहिली, तर यंत्र 27 मिनिटं मागे! “बिघडलंय,” असा निकाल लगेच लागला. बिघडलेलं काही नाही. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. उज्जैन तिथून सुमारे पावणेसात अंश पश्चिमेला आहे आणि एका अंशाला 4 मिनिटं लागतात. पावणेसात चोक 27. हा फरक वर्षभर थोडा कमी-जास्त होत राहतो, पण 25 डिसेंबरच्या आसपास हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो. मोबाइलची वेळ साऱ्या देशाची, आणि यंत्राची वेळ आपल्या माळव्याची, एवढाच भेद.

म्हणून खरी दुपार झाली ती 12 वाजून 27 मिनिटांनी. तेव्हा भाचीला उन्हात ताठ उभं करून तिची सावली टेपने मोजली. उंची 4 फूट 2 इंच आणि सावली तिच्याहून 3 इंच लांब. पौषाच्या तोंडावर सूर्य भर दुपारीही किती खाली असतो, ते पुस्तक न उघडता कळलं.

नंतर दाल-बाफले झाले, रामघाटावर थोडी लोळणफुगडी झाली आणि आम्ही महिदपूरच्या दिशेने डोंगल्याला निघालो. कर्कवृत्तावरचं हे ठिकाण शोधून दाखवलं ते हरिभाऊ वाकणकरांनी, 1957 मध्ये भीमबेटकाची चित्रं जगासमोर आणणाऱ्या डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांनी. 21 जूनच्या सुमारास इथे भर दुपारी शंकूची सावली दिसेनाशी होते. आज इथे वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळा आहे. तिचा घुमट बाहेरून पाहून आम्ही एका नातलगांच्या शेतावर सतरंज्या अंथरल्या. ओला हरभरा भाजला, गराडू तळले, आणि काकूंनी आणलेल्या गुळाच्या पोळ्या अंधारातच संपल्या.

चंद्र लवकर मावळला आणि आकाश भरून आलं. आधी ध्रुव शोधला. हात लांब करून क्षितिजावर मूठ ठेवायची, तिच्यावर दुसरी, आणि वर थोडी जागा. एक मूठ साधारण 10 अंशांची, आणि ध्रुव इथे सुमारे 23 अंशांवर. “दुपारची ती तिरपी भिंत ध्रुवाकडेच बघते,” बाबा म्हणाले. “तिचा चढ तेवढाच.” भिंत तशी का बांधली, हे मुलांना तेव्हा उमगलं.

पूर्वेला मृगाचा चौकोन, त्याच्या पोटात रुतलेला बाण, आणि तो मारणारा व्याध खाली झगमगत वर येत होता. बाबांना यातलं काही दिसत नव्हतं. ते पाठीवर पडून नुसतं विचारत होते, मुलं सांगत होती.

“कृत्तिका कुठवर आल्या?”

“अगदी डोक्यावर, आजोबा. सहा मोजल्या मी.”

“मग दहा वाजत आले.”

भाचीने मोबाइल पाहिला. दहाला पाच कमी होते. ती काही बोलली नाही, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, “आता रोहिणी कुठे शोधायची ते सांगा.”

डिसेंबरच्या अखेरीस कृत्तिका दहाच्या सुमारास आपल्या या भागात जवळजवळ बरोबर माथ्यावर येतात. दुर्बीण लागत नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र, गावाबाहेरचं शेत, जाड गोधड्या आणि डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं, एवढं पुरतं. घरात कुणी नक्षत्रं ओळखणारं असेल, तर त्यांना आवर्जून सोबत न्या. त्यांना दिसत नसेल, तरी न्या.