नाम सोंग

पाठीवर पिशवी टाकून परदेश हिंडण्याचे माझे वय नव्हे. बासष्टाव्या वर्षी बाईने फार तर अष्टविनायक करावेत, अशी आमच्या कर्वेनगरातली रीत. पण भाची म्हणाली, "मावशी, लाओसला चल. दोन जोड कपडे आणि तुझी गुडघ्याची पट्टी घे. बाकी मी बघते." आणि मी गेले!

व्हिएंतियानहून आगगाडीने तासाभरात व्हांग व्हिएंग हे गाव लागते. चुनखडीचे उभे हिरवे डोंगर आणि पायथ्याशी नदी. तिचे नाव नाम सोंग. लाओ भाषेत 'नाम' म्हणजे पाणी. पण मला वाटले, हे नाव कुणीतरी मलाच उद्देशून ठेवले आहे. कारण धीटपणाचे सोंग घेऊनच मी तिथे गेले होते. मला पाण्याची भीती वाटते.

ही भीती खरे म्हणजे आईची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि शनिवार पेठेतले आमचे बिऱ्हाड मुठेने नेले. माझा जन्म त्यानंतरचा. आई अंगावरच्या लुगड्यानिशी, ओच्यात बाळकृष्ण घेऊन निघाली, एवढेच ती सांगे. त्यापुढचे कधी बोलली नाही. पुढे वडिलांनी हिंगण्याला बिऱ्हाड केले. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली जिथे आपला आश्रम आणला, तेच हे हिंगणे. त्यांच्याच नावाने आता कर्वेनगर. आमचे घर चढावर होते, पण नदी दहा मिनिटांच्या वाटेवर.

गणपती झाले, पाणी निवळले, की पोरे ट्रकच्या ट्यूबा घेऊन मुठेत डुंबायला जात. दहा वर्षांची असताना एकदा मीही थोरल्या भावामागून गेले आणि ट्यूबमध्ये जाऊन बसले. काय ते सुख! तेवढ्यात काठावर आई दिसली. पाण्यापासून वीसेक पावलांवर ती थांबली होती. तिला पुढे येववत नव्हते, हाकही मारवत नव्हती. तिने मला मारले असते तर बरे झाले असते. त्यानंतर मी कधी नदीत पाय घातला नाही.

आणि आता, बावन्न वर्षांनी, पुन्हा ट्यूबच! १९९९ साली इथल्या एका शेतकऱ्याने आपल्या शेतावर कामाला आलेल्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणल्या. बघता बघता काठावर गुत्ते, झोके आणि घसरगुंड्या उभ्या राहिल्या. २०११ या एका वर्षात इथे निदान २७ प्रवासी मेले. २०१२ साली सरकारने बहुतेक गुत्ते बंद पाडले. हे सारे भाचीने मला ट्यूबमध्ये बसवल्यावर सांगितले!

ट्यूबा देणाऱ्या म्हातारीने माझ्या तरंगत्या जाकिटाची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. तिची भाषा मला येत नव्हती, पण तिचा तो वैतागलेला हात माझ्या चांगला ओळखीचा होता.

पहिल्या वळणावर प्रवाहाने मला गर्रकन फिरवले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वर आभाळ होते, दोहों बाजूंना डोंगर हळूहळू मागे सरकत होते आणि मी हसत होते. खाली एका बांबूच्या माळ्यावर गाण्यांचा गोंगाट चालला होता. तिथल्या पोराने रिकामी बाटली बांधलेला दोर फेकला आणि आम्हांला काठाला ओढून घेतले. तरुण पोरापोरींचा नाच सुरू होता. मला नाचता येत नाही. मी एका जर्मन मुलीला फुगडी शिकवली. मग ओळच लागली! गुडघ्याने तीन दिवस सूड उगवला, ते सोडा.

कोजागिरीच्या सुमारास तिथल्या भिक्षूंचा वर्षावास संपतो. त्या रात्री लोक केळीच्या सोपटाच्या होड्यांत फुले आणि मेणबत्ती ठेवून नदीत सोडतात. नदीचे आभार मानायचे आणि वर्षभराची इडापिडा तिच्याबरोबर पाठवून द्यायची. मीही एक होडी घेतली आणि घोट्याइतक्या पाण्यात उतरले. आई जाऊन चौदा वर्षे झाली. तिची ती वीस पावले मी त्या होडीत ठेवली आणि हात सोडला.

घरी परतल्यावर, पाडव्याच्या संध्याकाळी पणती घेऊन राजाराम पुलाजवळ मुठेकाठी गेले. मनात होते, इथेही पाण्यात उतरावे. पण काळे पाणी, फेस आणि वास! पाय घालवेना. पणती काठावरच ठेवली आणि मागे सरले. मागे वळून पाहिले तेव्हा लक्षात आले, मी पाण्यापासून बरोबर वीसेक पावलांवर उभी होते.

आई नदीला भिऊन तिथे थांबली होती. आज आपल्याला भिऊन नदीनेच कुठे पळावे?